माहुलीखालची काडीमोड आणि विलायतेचे धर्मपीठ

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन शतकांत उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर चर्चचा अंमल राजसत्तेच्या जोडीने चालला. परंतु खाड्या संपून जेथे साग-ऐनाचे रान सुरू होते, त्या माहुलीच्या सुळक्यांखालच्या कोळवणात, म्हणजे आजच्या शहापूर तालुक्यात, आणि नाणेघाट-माळशेजच्या पायथ्याशी पसरलेल्या मुरबाडच्या मुलखात तो कधी स्थिरावला नाही. त्यामुळे ख्रिस्ती धर्मातील कामविषयक लज्जेचा आणि तिच्या स्त्रीजीवनावरील परिणामांचा इतिहास लिहावयाचा, तर तो गोव्यापासून लिहावा, फार तर वसईपासून. शहापूर-मुरबाडचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणीही विचारील. संबंध आहे. क्रूस जेथे पोहोचला नाही, तेथे त्याचा विवाहविषयक विचार सरकारी मोहोर लावलेल्या कागदावर बसून पोहोचला, इतकेच.

हव्वेच्या अपराधाने मनुष्यजात पतित झाली आणि देहातील वासना ही त्या पतनाची नित्याची साक्ष होय, असा सिद्धान्त संत ऑगस्टीन याने पाचव्या शतकात दृढ केला. पुढे सोळाव्या शतकात ट्रेंट येथील धर्मपरिषदेने विवाह हा अविच्छेद्य संस्कार असल्याचे पुन्हा एकवार निक्षून सांगितले. गोव्यात या सिद्धान्ताला सत्तेचे हात मिळाले. १५६० मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशन या चर्चच्या न्यायपीठाने १७३६ च्या आपल्या प्रसिद्ध फर्मानात नवख्रिस्ती घरांतील लग्नगीतांपासून हळदीच्या स्नानापर्यंत बायकांच्या स्वाधीन असलेल्या कितीतरी विधींवर बंदी घातली. सतराव्या शतकाच्या आरंभी, आर्चबिशप मेनेझिस याच्या पुढाकाराने, तेथे कुमारिकांसाठी एक आणि पश्चात्ताप पावलेल्या स्त्रियांसाठी माग्दालेनाच्या नावाचे दुसरे, अशी बंदिस्त गृहे उभी राहिली. पश्चात्ताप पावलेल्या पुरुषांसाठी असे गृह बांधावे, असे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

इकडे माहुलीखाली ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली यांच्या वस्त्यांत विवाहाची कल्पनाच निराळी होती. विधवेने पुन्हा घर मांडणे हे तेथे पातक नव्हते, नवऱ्याशी न पटल्यास काडीमोड होई, आणि नव्या पुरुषाने पहिल्याला देज, म्हणजे त्याने वधूसाठी मोजलेले मूल्य, परत केले की पंचांच्या दृष्टीने प्रकरण मिटे. वारल्यांत तर लग्नाचा खर्च झेपत नसलेली जोडपी एकत्र नांदत, पोरेबाळे होत, आणि हाती चार पैसे आले की धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, बोलावून लग्न लागे, प्रसंगी आईबापांचे लग्न मुलांच्या लग्नाबरोबरच. गुडघ्याच्या वर कास मारलेल्या लुगड्याला तेथे कोणी निर्लज्ज म्हणत नसे. हे सर्व सांगताना रानातील स्त्री पूर्णपणे स्वतंत्र होती, असे चित्र रंगविण्याचा मोह मला होत नाही. पंच पुरुषच असत, दंडाच्या पैशाची दारूही तेच पीत, आणि देज या व्यवहारात स्त्रीची किंमत ठरतच होती. परंतु त्या किमतीत पापाचा अंश नव्हता. ती एकदा फेडली की कलंक मागे उरत नसे.

आसनगावपर्यंत आगगाडी १८६० मध्ये आली, कसाऱ्यापर्यंत १८६१ च्या आरंभी. आणि तिच्या पाठोपाठ, १ जानेवारी १८६२ पासून, भारतीय दंडसंहिता अमलात आली. पहिला नवरा हयात असता दुसरे लग्न करणाऱ्या स्त्रीला सात वर्षांपर्यंत कैद, असे तिचे ४९४ वे कलम सांगत होते. हिंदू पुरुषाला अनेक बायका करण्याची मुभा त्याच्या धर्मशास्त्राने दिलेली असल्यामुळे हा दंडक त्या काळी त्याच्या वाटेला गेला नाही. १८६४ मध्ये करसन गोजा या प्रकरणात मुंबईच्या उच्च न्यायालयासमोर गुजरातेतील तळपदा कोळ्यांची वहिवाट आली. तिच्याप्रमाणे बायकोला नवऱ्याच्या संमतीवाचून दुसरे घर करता येत असे. न्यायालयाने ती वहिवाट त्याज्य ठरवून संबंधित स्त्री-पुरुषांस दोषी धरले. पुढे १८७६ च्या संभू राघू प्रकरणात तर विवाह रद्द ठरविण्याचा किंवा स्त्रीस पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकारच न्यायालये मानणार नाहीत, असा निकाल झाला. मुंबई इलाख्यातील प्रत्येक खालच्या न्यायालयाला हे निकाल बंधनकारक होते, ठाणे जिल्ह्यातील न्यायालयेही त्यात आली. मौज अशी, की १८६४ च्या निकालात आधार घेतला होता तो बायबलचा नव्हे, हिंदू धर्मशास्त्राच्या आशयाचा. विलायतेतील पाद्री आणि काशीतील शास्त्री यांची कधी भेट झाली नसली, तरी स्त्रीच्या बाबतीत त्यांचे मत आधीच जुळलेले होते. न्यायालयाने त्याची फक्त नोंद केली.

या जुळणीचे सर्वांत स्पष्ट दर्शन घडले ते रखमाबाईंच्या खटल्यात. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि नवऱ्याकडे नांदावयास न गेलेल्या या सुतार समाजातील तरुणीवर दादाजी भिकाजी याने १८८४ मध्ये वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. हा दावा मूळचा हिंदूंचा नव्हे, मुसलमानांचा नव्हे. तो इंग्लंडातील ख्रिस्ती धर्मपीठाच्या न्यायालयांचा. विवाह हा ईश्वराने जोडलेला, म्हणून दूर राहणाऱ्यास पुन्हा एका छताखाली आणणे हे धर्मपीठाचे कर्तव्य, या कल्पनेतून तो जन्मला. १८५७ पर्यंत ही प्रकरणे त्या पीठांकडेच चालत, आणि त्यानंतर ती दिवाणी न्यायालयाकडे आली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी हा विलायती उपाय हिंदू विवाहाला लावण्याचे कारण नाही, असे म्हणून दावा फेटाळला, तेव्हा खवळले ते चर्च नव्हे, पुण्या-मुंबईचे सनातनी आणि त्यांची वृत्तपत्रे, ‘केसरी’सह. ज्या कायद्याला मनुस्मृतीत आधार सापडत नव्हता, त्याचे संरक्षण हिंदुधर्माच्या नावाने झाले. अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदावयास जा, अन्यथा सहा महिने कैद भोगा, असा हुकूम केला. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८८४ मध्ये, खुद्द इंग्लंडने अशा प्रकरणातील कैदेची शिक्षा रद्द केली होती. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला. रखमाबाई पुढे विलायतेत वैद्यक शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या.

खुद्द मराठी ख्रिस्ती स्त्रीच्या वाट्याला काय आले? १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याने ख्रिस्ती नवऱ्याला बायकोच्या व्यभिचाराचा एक पुरावा पुरे केला. बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रौर्य किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. बायकोच्या जाराकडून नुकसानभरपाई मागण्याचा हक्क नवऱ्याला होता, बायकोला तसा हक्क नव्हता. ही विषमता जावयास २००१ साल उजाडावे लागले.

तरीही याच धर्माचा दुसरा चेहरा न दाखविता पुढे जाणे अन्यायाचे होईल, आणि तो दाखवावयाचा तर पंडिता रमाबाईंकडेच वळावे लागते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी तेथील जोगिणींनी त्यांस लंडनजवळच्या फुलहम येथील, समाजाने वाऱ्यावर सोडलेल्या स्त्रियांचे आश्रयगृह दाखविले होते, आणि अशा स्त्रीला कोणी मायेने जवळ करू शकते, हे पाहून रमाबाईंचे मन हेलावले. बायबलातील शोमरोनी बाईशी येशूने केलेला संवाद त्यांच्या मनात याच संदर्भात ठसला. अशा स्त्रियांस प्रायश्चित्तापलीकडे काही देऊ करणारा शास्त्रार्थ त्यांस स्वधर्मात आढळला नव्हता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेल्या शारदा सदनापासून केडगावच्या मुक्ती मिशनपर्यंतचा प्रवास सर्वज्ञात आहे. दुष्काळी छावण्यांतून मुली पळविणाऱ्या दलालांच्या हातून सोडवून आणलेल्या, फसलेल्या, टाकलेल्या स्त्रियांसाठी तेथे ‘कृपा सदन’ हा स्वतंत्र विभाग निघाला, हे तितके कोणी लक्षात ठेवीत नाही. हिंदू समाजाने ज्यांच्यासाठी विहीर आणि वेश्यावस्ती यांखेरीज तिसरी वाट ठेवली नव्हती, त्यांना तेथे अन्न, अक्षर आणि हातमागाचे व छापखान्याचे काम मिळाले. आणि तरीही १९०५ मध्ये मुक्तीत धर्मजागृतीची लाट आली, तेव्हा शेकडो मुली रडत, ओरडत आपल्या पापांची कबुली देऊ लागल्या. जिच्यावर अत्याचार झाला, ती पापाची कबुली देते आणि करणारा त्या प्रार्थनेत नसतोच, ही विसंगती रमाबाईंसारख्या तर्कनिष्ठ स्त्रीच्या ध्यानी आली नसेल, असे मला वाटत नाही. पण आश्रय आणि लज्जा ही दोन्ही एकाच ग्रंथातून आलेली होती आणि एक ठेवून दुसरी टाकणे त्यांच्या काळी सोपे नव्हते.

शहापूर-मुरबाडच्या रानात या आश्रयाचा हातही पोहोचला नाही. लज्जेचा अर्धा भाग तेवढा पोहोचला. १९३० नंतरच्या दशकात इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीची सरकारी चौकशी सिमिंग्टन या अधिकाऱ्याने केली, तेव्हा जमीनदार कुळांच्या बायकांना आपल्या भोगासाठी वापरतात, हे त्याने स्पष्ट शब्दांत नमूद केले. वेठ आणि लग्नाच्या कर्जापायी पत्करलेली लग्नगड्याची चाकरी यांनी बांधलेल्या कुळाला त्याविरुद्ध मामलेदार कचेरीत जाण्याची हिंमत नव्हती. जी दंडसंहिता काडीमोड घेऊन पुन्हा घर मांडणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवीत होती, तिच्यात बलात्काराचे कलमही पहिल्या दिवसापासून होते; सावकाराच्या वाड्यावर ते क्वचितच पोहोचले.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले, पण विचित्र रीतीने. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीने होणारी काडीमोड मान्य ठेवली आणि अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज, हा कायदा लागू होणार नाही, असे ठरविले. मात्र त्याच कायद्याच्या ९ व्या कलमात धर्मपीठाचा तो जुना दावा बसविला. इंग्लंडने १९७० मध्ये तो रद्द केला. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. म्हणून मुरबाडच्या एखाद्या गावात ठाकरवाडीतल्या बाईवर आज हे कलम चालत नाही. ओढ्यापलीकडच्या कुणबी आळीतल्या बाईवर चालते, आणि तिच्या नवऱ्याला त्याखाली दावा लावता येतो.