संगणकाची मुळाक्षरें

संगणक नुसता पाहून कळत नाहीं. त्यावर हात चालावा लागतो. बी. बी. सी.नें हें वेळींच ओळखलें. जानेवारी १९८२ मध्यें ब्रिटनमधील सामान्य कुटुंबांसाठीं तिनें दूरचित्रवाणीवर संगणक-शिक्षणाची मालिका सुरू केली आणि जोडीला केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून खास यंत्र करवून घेतलें. मालिका लागली तेव्हां बहुतेकांच्या हातीं यंत्र पोंचलेंच नव्हतें, ही गोष्ट निराळी! १२,००० खपतील असा अंदाज होता. अखेर १५ लाखांच्या आसपास खपलीं.

यंत्र साधेंच. मोठ्या नमुन्याची स्मृति अवघी ३२ किलोबाइट. पडदा म्हणून घरचाच दूरचित्रवाणी-संच. आणि लिहिलेल्या आज्ञा गाण्याच्या कॅसेटवर शिटीसारख्या आवाजाच्या रूपानें जतन होत. नवशिक्यानें आज्ञा लिहावी, चुकल्यास यंत्रानें तसें सांगावें, त्यानें पुन्हा लिहावी. चुकीची आज्ञा दिल्यानें यंत्र मोडत नाहीं, एवढें कळलें कीं निम्मी भीति जाई.

हींच यंत्रें १९८४ मध्यें ‘क्लास’ योजनेखालीं भारतांतील सुमारें २५० शाळांत आलीं. येथें शिक्षकही बहुधा नवशिकाच. ‘प्रिंट’, ‘इफ’, ‘गोटू’ या आज्ञा इंग्रजी. आणि शाळा सुटल्यावर चुका करीत बसावयास बहुतेक मुलांच्या घरीं यंत्र नव्हतें.