धून बायकांची, राग कुमारांचा

१९४८ च्या जानेवारीत तेवीस वर्षांचा एक गायक मुंबई सोडून माळव्यातल्या देवासला राहायला गेला. कारण हवापालटाचं. क्षयाने फुफ्फुस पोखरलं होतं आणि डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं. स्ट्रेप्टोमायसीन तेव्हा नुकतंच मिळू लागलं होतं, म्हणून तो वाचला. शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व. पोरवयात मुंबईच्या जिना हॉलमध्ये भल्याभल्या उस्तादांना थक्क करणारा हा मुलगा पुढची जवळपास पाच वर्षं खाटेवर पडून होता. घर सांभाळत होत्या पत्नी भानुमती.

गाणं बंद होतं, कान बंद नव्हते. खिडकीबाहेरून बाजारहाटाला जाणाऱ्या बायकांची गाणी यायची, लग्नाची, पावसाची, झोपाळ्याची. नाथपंथी जोगी निर्गुणी भजनं म्हणत जायचे. कुमारांनी पुढे अशी शेकडो लोकगीतं गोळा केली आणि त्यांचं स्वरलेखन केलं.

हे नेमकं काय काम होतं, ते समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. लोकगीताची धून बहुतेक चार-पाच स्वरांतच फिरते. ओळ संपली की तीच चाल पुन्हा. पण त्या चार स्वरांत कुठे थांबायचं, कुठला स्वर हलकेच स्पर्शून सोडायचा, हे पक्कं ठरलेलं असतं. गाणाऱ्या बाईला ते कुणी शिकवलेलं नसतं आणि ती ते कधी चुकत नाही. कुमारांना काही धुनांत एक न उमललेला राग दिसला. त्यांनी त्याचे आरोह-अवरोह शोधले, विसाव्याच्या जागा पक्क्या केल्या, बंदिशी रचल्या. मालवती, संजारी, सहेली तोडी, लगनगंधार, मधसुरजा, निंदियारी. यांना ते 'धुनउगम' राग म्हणत. १९६५ साली 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह छापून आला.

आता हे सगळं ऐकणारे कोण होते? पुण्या-मुंबईच्या, इंदूरच्या दिवाणखान्यात किंवा छोट्या सभागृहात बसणारे, गायकाच्या तोंडावरची रेष दिसेल इतक्या जवळचे. आपल्याकडची मैफल म्हणजे हेच. दाद तिथल्या तिथे मिळते आणि नाराजीही लपत नाही, मान हलायची थांबते.

या श्रोत्यांत सरळ दोन तट पडले. तक्रारी पुष्कळ होत्या. घराणं कुठलं? गुरू बी. आर. देवधर स्वतःच चार घराण्यांचं मोकळेपणाने ऐकणारे, मग शिष्य कुठल्या खात्यात टाकायचा? विलंबित ख्यालाची संथ, पायरीपायरीने होणारी बढत कुठे आहे? मध्यलयीतली बंदिश उचलायची, एखादा स्वर तीरासारखा फेकायचा आणि गप्प व्हायचं, हे काय गाणं झालं? आणि वर ही जात्यावरची, झोपाळ्यावरची गाणी.

शेवटच्या तक्रारीत एक गंमत आहे. मांड, पहाडी, पिलू हे राग लोकधुनांतूनच आले असं सगळेच मानतात. पण त्यांना ठुमरीच्या, हलक्याफुलक्या गाण्याच्या रांगेत बसवलं की कुणाची हरकत नसते. कुमारांनी मालवती ख्यालाच्या पाटावर बसवली, तेव्हा हरकत आली. म्हणजे लोकगीताला घरात यायला मनाई नव्हती, फक्त ओसरीवर बसायचं.

दुसरा तट तितकाच ठाम होता. पु. ल. देशपांडे त्यात अग्रभागी. साठच्या दशकात 'गीतवर्षा'सारखे कार्यक्रम झाले, ज्यांत उन्हाळ्याच्या काहिलीपासून श्रावणापर्यंतचा पाऊस राग आणि लोकगीत यांच्यात सीमारेषा न आखता गायला जाई. लोक चकित झाले, हसले, काही जण मनापासून वैतागलेही असतील. हे खेळकर होतं, आणि शास्त्रीय मैफलीत खेळकरपणाची सवय आपल्याला तेव्हाही नव्हती, आजही फारशी नाही.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो एका बाप-लेकाचा दाखला. १९६१ साली वामनराव देशपांडे यांचं 'घरंदाज गायकी' आलं. घराणं म्हणजे काय, स्वर आणि लय यांचा तोल कसा पाहायचा, याची मांडणी करणारं हे मराठीतलं मूलभूत पुस्तक. आणि त्यांचा मुलगा सत्यशील गाणं शिकायला गेला तो कुमार गंधर्वांकडे, ज्यांच्यावर घराणं नसल्याचा आक्षेप होता. टीकेची पानंच्या पानं वाचून जे कळत नाही, ते मला इथे कळलं.

असं फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. हंगेरीत बेला बार्टोक १९०६ पासून मेणाच्या नळकांड्यांवर खेड्यातली गाणी ध्वनिमुद्रित करत फिरला आणि तो खडबडीतपणा त्याने आपल्या चार वाद्यांच्या रचनांत आणला. बुडापेस्टच्या श्रोत्याला कॅफेत वाजणाऱ्या गुळगुळीत चाली म्हणजेच लोकसंगीत वाटत होतं. खरं लोकसंगीत समोर आलं तेव्हा तेच त्याला परकं वाटलं.

मी कारंजा (घाडगे)चा. (लाडांचं कारंजा वेगळं, ते वाशिममध्ये. हे आम्हाला आयुष्यभर सांगावं लागतं.) आमच्या भागात बसून ऐकायचं गाणं म्हणजे खंजिरीवरचं भजन. ख्याल मी नागपूरच्या एसटीत इअरफोन लावून शिकलो. एकदा आजीला फोनवर कुमारांचं माळवी लोकगीत ऐकवलं. ती म्हणाली, "हे तं आपल्या भुलाबाईवानी हाय." मग थोडा वेळ ऐकून, "गाते चांगला, पण मंधातच काऊन थांबते हा?"

मुंबईच्या टीकाकारांचा आक्षेप तिने एका वाक्यात सांगितला होता. आणि तिची पहिली गोष्टही बरोबर होती. माळव्यात पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाने संजा काढतात आणि तिची गाणी म्हणतात. आमच्याकडे भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते, गाणी होतात, मग डब्यातला खाऊ ओळखायचा. अंतर शेकडो किलोमीटरचं, पण पोरींचा खेळ तोच.

आमच्या धंद्यात दुसऱ्याचा कोड घेऊन त्यावर नवं काही उभारलं, तर मूळ लिहिणाऱ्याचं नाव फाईलच्या माथ्यावर ठेवायचा रिवाज आहे. कुमारांनी 'धुनउगम' हे नाव दिलं, म्हणजे उगम लपवला नाही, हे मला मोठं वाटतं. पण त्या बायकांची नावं? मालवती ऐकून मुंबईकर काय म्हणाले ते आपण वाचतो. ज्या बाईच्या गळ्यातून ती निघाली तिला तो ख्याल ऐकवला असता, तर तिने काय दाद दिली असती? कदाचित तिनेही विचारलं असतं, मधेच का थांबतो हा. फुफ्फुसाचं दुखणं हे त्या थांबण्याचं एक कारण सांगतात. मला ते अर्धंच पटतं. इतक्या नेमक्या जागी दम संपत नाही.

१९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, कुमारांनी 'गांधी मल्हार' रचला. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यातलं, तरी हा राग मला माझ्या गावात कुणाच्या तोंडून कधी ऐकू आला नाही.

भुलाबाईची गाणी मात्र बहिणीच्या फोनमध्ये आहेत. मागच्या कोजागिरीला आजीभोवती बसून तिने अकरा क्लिपा भरल्या. एकीत कुकरची शिट्टी आहे, दुसरीत आजी ओळ विसरते आणि शेजारची काकू ती उचलते, थोड्या वरच्या पट्टीत. फाईलींना नावं दिलेली नाहीत, नुसत्या तारखा आहेत. येत्या रविवारी बसून प्रत्येकीपुढे गाणारीचं नाव टाकायचं आहे.