वाङ्मयेतिहासात न आलेल्या बैठका

मराठी वाङ्मयाचा इतिहास आजवर ग्रंथांचा आणि ग्रंथकारांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. कोणी काय लिहिले, ते केव्हा छापले गेले, कोणत्या समीक्षकाने ते वाखाणले, एवढ्यावर तो थांबतो. ज्या समाजाला छापखाना, प्रकाशक आणि ग्रंथालय ही तिन्ही दारे बंद होती, त्याच्या साहित्याला हा हिशेब लागू पडत नाही. दलित साहित्य आधी माणसांच्या मेळाव्यात उभे राहिले आणि मग पुस्तकात आले. जलशात, वस्तीतल्या सभेत, वसतिगृहाच्या खोलीत ते प्रथम ऐकले गेले, त्यावर वाद झाला, लिहिणाऱ्याने ते पुन्हा लिहिले. या बैठकांची दखल घेतल्याशिवाय आपल्या साहित्याचा इतिहास पुरा होणार नाही.

लेखकांच्या मेळाव्याचा प्रश्न आपल्याकडे प्रथम रोखठोकपणे मांडला तो महात्मा फुल्यांनी. 1878 साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. 1885 च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण फुल्यांना गेले, तेव्हा त्यांनी ते नाकारले. जे लोक माणसांचे मानवी हक्क त्यांना देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचा मेळ बसत नाही, हा त्या नकाराचा आशय होता. हे पत्र त्याच वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये छापले गेले, म्हणून आज ते आपल्या हाती आहे. छापले नसते तर फुले सभेला आले नाहीत एवढीच नोंद उरली असती, किंवा तीही उरली नसती. मेळावा कोणाचा, हा प्रश्न पत्राने विचारला. आणि नोंद राहिली तरच प्रश्न राहतो, हे त्या पत्राच्या नशिबाने दाखवून दिले.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यालाही असा वारसा आहे. महाडच्या 19 आणि 20 मार्च 1927 च्या परिषदेनंतर दोन महिन्यांच्या आत, मे 1927 मध्ये, बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषविले. त्याच वर्षी 3 एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले होते. सभा भरवायची आणि तिचा वृत्तांत आपल्याच पत्रात छापायचा, ही शिस्त चळवळीने तेव्हाच अंगी बाणवली होती. आपली बातमी दुसरा कोणी छापणार नाही, याची तिला पुरती जाणीव होती.

साहित्याच्या क्षेत्रात ही शिस्त पुढे चालवली ती विद्यार्थ्यांनी. 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. तेथे शिकणाऱ्या तरुणांनी सिद्धार्थ साहित्य संघ स्थापन केला, आणि त्या धडपडीतूनच पुढे महाराष्ट्र दलित साहित्य संघ आकाराला आला. 2 मार्च 1958 रोजी दादरच्या बंगाली हायस्कूलमध्ये या संघाचे संमेलन भरले. उद्घाटक होते अण्णाभाऊ साठे. दलितांनी लिहिलेले आणि दलितांविषयी इतरांनी लिहिलेले साहित्य ‘दलित साहित्य’ या स्वतंत्र नावाने ओळखले जावे, विद्यापीठांनी आणि वाङ्मयीन संस्थांनी त्याला योग्य स्थान द्यावे, असा ठराव तेथे झाला. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ 1963 साली आले, ‘गोलपिठा’ 1972 साली आणि ‘बलुतं’ 1978 साली. ही पुस्तके येण्यापूर्वी शाळेच्या एका सभागृहात जमलेल्या माणसांनी ठराव करून नाव नोंदवून ठेवले होते. त्या दलित लेखकांना नंतर दाद मिळाली, पण ठरावासाठी हात वर करणारे बहुतेक अनामिकच राहिले.

मराठवाड्यात हेच काम मिलिंद महाविद्यालयाने केले. डॉ. म. ना. वानखेडे यांच्या पुढाकाराने 1967 साली ‘अस्मिता’ निघाले, आणि प्रा. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ते ‘अस्मितादर्श’ झाले. पुढे त्याचे लेखक-वाचक मेळावे भरू लागले. या नावाकडे नीट पाहिले पाहिजे. प्रस्थापितांच्या संमेलनात लेखक व्यासपीठावर असतो आणि वाचक मंडपात. येथे दोघांना एकाच नावात शेजारी बसवले. आज ऐकणारा उद्या लिहिणार आहे, हे गृहीत धरलेले होते. घरातला पहिला पदवीधर असलेल्या माझ्यासारख्याला यातला अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ज्याच्या घरात कागद वाचून दाखवायला कोणी नसते, त्याचा पहिला समीक्षक बैठकीतच भेटतो.

आता आपल्या गावांकडे वळू. अंबरनाथला विमकोचा आगपेटीचा कारखाना आणि ऑर्डनन्स फॅक्टरी आली. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि 1949 साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. कारखान्यांच्या मागे देशावरून, कोकणातून, मराठवाड्यातून कष्टकरी आले. पाळी संपल्यावर विहारात, शाळेच्या वर्गात किंवा चाळीतल्या खोलीत चार माणसांनी कविता वाचायची, हाच अशा गावांतल्या साहित्यसंस्थेचा साधा आकार असतो. तिला कार्यालय नसते, पावती पुस्तक नसते, आणि म्हणून इतिहासही नसतो.

आपले सिंधी शेजारी या बाबतीत काय करत होते, हेही पाहण्यासारखे आहे. मुंबईत सिंधी साहित मंडळाच्या बैठका दर आठवड्याला भरत आणि प्रा. मं. उ. मलकाणी अध्यक्षस्थानी असत. सुंदरी उत्तमचंदाणी या लेखिका अशा बैठकांतूनच घडल्या. त्यांची पहिली कादंबरी 1953 साली आली आणि 1986 साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांची भूमी गेली त्यांनी बैठकीत भाषा टिकवली. ज्यांना भाषेतच जागा नव्हती त्यांनी बैठकीत आपली भाषा घडवली. दोघांचे दुःख एक नाही. निर्वासिताची जात त्याच्याबरोबर आलीच होती. पण बैठकीची गरज दोघांनाही सारखीच होती.

या इतिहासात एक मोठी उणीव आपल्याच घरातली आहे. रात्री नवाला भरणाऱ्या बैठकीला, स्वयंपाक आणि शेवटची लोकल सांभाळणारी बाई येणार कशी? उर्मिला पवार, हिरा बनसोडे आदी लेखिकांना ‘संवादिनी’ हा दलित स्त्रियांचा वेगळा साहित्यमंच उभारावा लागला, तो उगाच नव्हे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घरोघर जाऊन, आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना बोलते करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989 साली सिद्ध केले. कागदपत्रे नाहीत म्हणून इतिहास नाही, हे रडगाणे त्यांनी गायले नाही. माणसे आहेत तोवर इतिहास लिहिता येतो, हे त्यांनी करून दाखवले.

तोच मार्ग आपल्यापुढे आहे. कल्याणहून विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर एवढ्याच प्रवासात एखादा विद्यार्थी निवृत्त कामगारांना भेटून किती बैठकांची माहिती गोळा करू शकेल, याचा विचार करावा. बदलापुरात ‘ग्रंथसखा’ने दुर्मीळ मराठी ग्रंथांचा आणि नियतकालिकांचा मोठा संग्रह उभा केला. आपल्या बैठकांच्या हस्तलिखित वह्यांना, चक्रमुद्रित अंकांना असे घर कोण देणार? महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी हे काम अंगावर घ्यावे, आणि भरणाऱ्या प्रत्येक बैठकीने एक वही ठेवावी: तारीख, जागा, कोणी काय वाचले, कोणी कोणता आक्षेप घेतला. आक्षेप तर जरूर लिहावा. शाल-श्रीफळाच्या समारंभांना छायाचित्रे पुरतात. पण आपल्या माणसाने आपल्या माणसाला परखडपणे काय सांगितले, हे वहीत उतरले नाही तर पुढच्या पिढीला आपले साहित्य घडले कसे, हे कळण्याचा मार्गच राहणार नाही. फुल्यांचे पत्र छापले गेले म्हणून उरले, आणि 1958 चा ठराव लिहिला गेला म्हणून उरला. आपल्या बैठका कशाच्या आधाराने उरणार, हे आपणच ठरवायचे आहे.