पागोळ्या आणि गिट्टी

अचलपूरच्या घराभोवती गिट्टीचा पट्टा टाकायचं चाललंय. पागोळ्यांनी चिखल उडतो, भिंतीला ओल चढते. घरच्यांच्या मते हे शहरी फॅड. मला तसं वाटत नाही.

वऱ्हाडात जुनी रीतच होती: वस्ती पांढरीवर, पीक काळीत. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीला ती सोसत नाही. धाब्याच्या घरांना पागोळ्या नव्हत्याच. सपाट छतावरचं पाणी पन्हळीतून भिंतीपासून लांब पडायचं. पुढे मंगळुरी कौलं आली (बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना 1865 चा), छपरं उतरती झाली आणि पाणी वळचणीभर पडू लागलं. आमचं घर त्यातलंच, आणि बांधलंय काळीत!

म्हणून नुसता चर खणून गिट्टी भरणं मला धोक्याचं वाटतं. तो चर पाणी धरून ठेवील, तेही थेट पायाशी. आधी मुरूम धुम्मसून बाहेरच्या बाजूला उतार, वर गिट्टी, आणि पागोळ्यांच्या रेषेच्या फूटभर पुढपर्यंत. त्यात आईचा मोगरा जातो. ती अजून हो म्हणालेली नाही.