खिडकीपर्यंत नेणारा मास्तर

आम्ही युनियनची माणसे. कायदा पुस्तकात छापला म्हणजे तो कामगाराच्या पदरात पडला, असे आम्ही कधी मानीत नाही. माथाडी कायदा १९६९ साली झाला. पण हमालाचे नाव नोंदणीच्या वहीत चढावे म्हणून कोणीतरी त्याला हाताला धरून न्यावेच लागते. विद्यार्थ्यांच्या सवलतींचेही तेच आहे.

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा मुंबईत त्यांच्या सत्काराची सभा भरली. अध्यक्ष होते सी. के. बोले, कामगार हितवर्धक सभेमुळे ते आम्हांस विशेष जवळचे. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र भीमरावांस भेट दिले. केळुसकर विल्सन हायस्कुलात शिक्षक, भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात विद्यार्थी. म्हणजे मुलगा त्यांच्या वर्गातला नव्हेच. बागेत वाचीत बसलेला दिसला, तेवढी ओळख. पुस्तक देऊन केळुसकर थांबते तरी लोकांनी त्यांस भलेच म्हटले असते. पण पुढे कॉलेजचा खर्च सुभेदार रामजींना झेपेना, तेव्हा ते भीमरावांना घेऊन थेट सयाजीराव महाराजांकडे गेले. दरमहा २५ रुपये मंजूर झाले. पैसा बडोद्याचा खरा. तिथवरची वाट मात्र एका मास्तराने तुडविली. कॉलेजात प्रोफेसर मुल्लर यांनी पुस्तके दिली, अंगावर घालायला कपडेही दिले.

बाबासाहेब हे विसरले नसावेत, असे आम्हांस वाटते. १९४६ साली त्यांच्या संस्थेने सिद्धार्थ कॉलेज काढले, ते नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळी भरे. १९५० साली औरंगाबादेस जे कॉलेज निघाले, तेच आपले मिलिंद. उस्मानियाच्या उर्दू शिक्षणात मागे पडलेल्या मराठवाड्यातल्या खेड्यांची मुले तिथे वसतिगृहात राहून शिकली.

आता विद्यापीठांत विद्यार्थी विकास मंडळ असते. तरी आमच्या एका हमालाच्या मुलीला शिष्यवृत्तीची सूचना कळली ती मुदत टळल्यावर. फळ्यावर कागद होता; रोज हजेरी घेणाऱ्यांपैकी एकाच्याही तोंडून शब्द निघाला नव्हता. पुढल्या वर्षी नव्या बाई आल्या. हजेरी संपल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतले आणि स्वतः कचेरीच्या खिडकीपर्यंत गेल्या. कारकुनाने उत्पन्नाचा दाखला मागितला. बाईंनी तो आठ दिवस आधीच तहसीलातून आणवून ठेवला होता.