कळफलकाच्या कारभाराचे हस्तांतर
१९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला, तेव्हा प्रारंभीच्या स्वयंतपासणीत एखादी कळ अडकलेली आढळल्यास, वा कळफलकाकडून उत्तरच न आल्यास, पडद्यावर ३०१ हा संकेतांक उमटे आणि दोष कोठे आहे ते तत्काळ कळे. १९९६ नंतर यूएसबीचा अंमल सुरू झाला आणि हा सरळ मामला दुहेरी कारभारात गुंतला. कारण आरंभी बायोस ही संगणक सुरू करणारी मूळ आज्ञावली कळफलक चालवी आणि कार्यप्रणाली जागी होताच सूत्रे तिच्या ड्रायव्हरकडे जात. तो ड्रायव्हर रुजू झाला नाही, तर क्षणापूर्वी बायोसमध्ये बिनतक्रार चाललेल्या कळा सांकेतिक शब्द टंकण्याच्या वेळीच निश्चेष्ट होत. म्हणून बायोसमध्ये कळा चालत असतील, तर नव्या कळफलकाचा खर्च करण्यापूर्वी ड्रायव्हरची झडती घ्यावी, हेच शहाणपणाचे.