हिप-हॉप संस्कृती आणि रॅप संगीत

हिप-हॉप ही अमेरिकेतील न्यू यॉर्क शहराच्या ब्रॉंक्स या विभागात १९७० च्या दशकात उदयास आलेली सांस्कृतिक चळवळ आहे. रॅप ही ठेक्याच्या साथीने यमकबद्ध शब्द लयीत उच्चारण्याची कला असून ती या चळवळीच्या अनेक अंगांपैकी एक आहे. तबकडीवादन (डीजेइंग), रॅप (एमसीइंग), ब्रेकिंग हे नृत्य आणि ग्राफिटी ही भित्तिलेखनाची कला अशी हिप-हॉपची चार प्रमुख अंगे मानली जातात. बोलण्यात व प्रसारमाध्यमांत 'हिप-हॉप' आणि 'रॅप' हे शब्द पुष्कळदा समानार्थी वापरले जात असले, तरी त्यांचे नाते संपूर्ण आणि अंश असे आहे. चळवळीच्या आरंभी अग्रस्थान तबकडीवादकाचे होते; रॅप करणारा त्याचा साहाय्यक होता. हा क्रम पुढे उलटला, त्यात ध्वनिमुद्रण व्यवसायाचा वाटा मोठा आहे.

संज्ञा

'रॅप' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ 'ठोठावणे' असा आहे. १९६० च्या दशकापर्यंत आफ्रिकन-अमेरिकन बोलीत तो 'चातुर्याने किंवा मोकळेपणाने बोलणे' या अर्थाने रूढ झाला होता. 'हिप-हॉप' या शब्दाचे श्रेय सामान्यतः कीथ विगिन्स ऊर्फ काउबॉय आणि लव्हबग स्टार्स्की या ब्रॉंक्समधील कलावंतांना दिले जाते. सैन्यात भरती झालेल्या एका मित्राची थट्टा करताना काउबॉय यांनी सैनिकांच्या पावलांच्या ठेक्याचे अनुकरण या अक्षरांनी केले, अशी आख्यायिका सांगितली जाते.

आजच्या वापरात तीन संकल्पना वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली हिप-हॉप संस्कृती, जिच्यात संगीताबरोबर नृत्य, चित्रकला, वेशभूषा आणि बोली यांचाही समावेश होतो. दुसरी हिप-हॉप संगीत, म्हणजे आवर्ती ठेका व जुन्या ध्वनिमुद्रिकांतील तुकडे यांवर उभारलेली संगीतशैली. तिसरी रॅप, म्हणजे त्या ठेक्यावर शब्द उच्चारण्याची पद्धत. हिप-हॉप संगीतात बहुधा रॅप असतो, परंतु तो असलाच पाहिजे असे नाही.

उगमाची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर क्रॉस ब्रॉंक्स हा द्रुतगती महामार्ग दाट वस्तीतून काढण्यात आला आणि त्यासाठी हजारो रहिवाशांना घरे सोडावी लागली. सधन कुटुंबे उपनगरांकडे गेली, उद्योग बंद पडले, घरांच्या किमती घसरल्या. १९७० च्या दशकात दक्षिण ब्रॉंक्समधील अनेक इमारती आगींत नष्ट झाल्या. मागे राहिलेल्या आफ्रिकन-अमेरिकन, पोर्टो रिकन व कॅरिबियन कुटुंबांतील तरुण रस्त्यावरील टोळ्यांकडे ओढले गेले. डिसेंबर १९७१ मध्ये 'गेटो ब्रदर्स' या टोळीच्या एका शांतिदूताची हत्या झाली. तिचा सूड न घेता टोळ्यांनी एकत्र बैठक घेऊन तह केला. या तहानंतर एका टोळीच्या हद्दीतून दुसऱ्या टोळीच्या हद्दीत जाणे तुलनेने सुकर झाले आणि सामायिक मेळाव्यांना वाव मिळाला.

११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात झालेला मेळावा हिप-हॉपचा प्रारंभबिंदू मानला जातो. शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घेण्यासाठी पैसे जमवावेत, या हेतूने सिंडी कॅम्पबेल यांनी तो आयोजित केला होता. त्यांचे बंधू क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क हे तबकडीवादक होते. त्यांचा जन्म जमैकातील किंग्स्टनचा. मोठे ध्वनिवर्धक लावून सार्वजनिक नृत्यमेळावे भरविण्याची परंपरा तेथे रुजलेली होती.

चार अंगे

तबकडीवादन: गाण्यातील गायन थांबून केवळ तालवाद्ये वाजतात त्या तुकड्याला 'ब्रेक' म्हणतात. नर्तक या तुकड्याची वाट पाहतात, हे कूल हर्क यांनी हेरले. एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून ते काही सेकंदांचा ब्रेक पाहिजे तितका लांबवीत. जोसेफ सॅडलर ऊर्फ ग्रँडमास्टर फ्लॅश यांनी या तंत्राला काटेकोरपणा आणला. तबकडीवर खुणा करून ती बोटांनी नेमक्या जागी मागे आणण्याची त्यांची रीत होती. तबकडी सुईखाली पुढेमागे घासून निर्माण होणाऱ्या 'स्क्रॅच' या ध्वनीचे श्रेय ग्रँड विझर्ड थिओडोर यांना दिले जाते.

रॅप किंवा एमसीइंग: 'एमसी' म्हणजे कार्यक्रमाचा सूत्रधार. कूल हर्क यांच्या मेळाव्यांत कोक ला रॉक हे ध्वनिक्षेपकावरून मित्रांची नावे पुकारीत आणि नर्तकांना उत्तेजन देणारी छोटी यमके म्हणत. या पुकाऱ्यांतून पुढे दीर्घ, रचनाबद्ध पद्ये विकसित झाली.

ब्रेकिंग: ब्रेकच्या तुकड्यावर नाचणाऱ्यांना 'बी-बॉय' व 'बी-गर्ल' ही नावे मिळाली. 'ब्रेकडान्स' हा शब्द पुढे प्रसारमाध्यमांनी रूढ केला. ब्रॉंक्समध्ये १९७७ मध्ये स्थापन झालेला 'रॉक स्टेडी क्रू' हा या नृत्याचा सर्वाधिक ख्यातनाम समूह असून नृत्याच्या घडणीत पोर्टो रिकन तरुणांचा वाटा मोठा आहे.

ग्राफिटी: भिंतींवर व भुयारी रेल्वेच्या डब्यांवर स्वतःचे टोपणनाव शैलीदारपणे लिहिण्याची ही कला हिप-हॉपपेक्षा जुनी आहे. १९७१ मध्ये 'टाकी १८३' या टोपणनावाने लिहिणाऱ्या युवकाविषयी 'न्यू यॉर्क टाइम्स'ने वृत्त छापले, तेव्हा सेजविक ॲव्हेन्यूवरील मेळावा व्हावयाचा होता. त्यामुळे आरंभीचे काही ग्राफिटीकार स्वतःला हिप-हॉपचा भाग मानीत नाहीत. १९८३ मधील 'वाइल्ड स्टाइल' व 'स्टाइल वॉर्स' या चित्रपटांनी मात्र ही कला नृत्य व संगीताच्या जोडीने जगापुढे मांडली. न्यू यॉर्कच्या परिवहन प्राधिकरणाने दीर्घ मोहिमेनंतर १९८९ मध्ये भुयारी रेल्वेचे डबे ग्राफिटीमुक्त झाल्याचे घोषित केले.

'झुलू नेशन' या संघटनेचे संस्थापक आफ्रिका बंबाटा यांनी या कलांना एका चळवळीची अंगे म्हणून मांडले आणि 'ज्ञान', म्हणजे स्वतःच्या इतिहासाचे व परिस्थितीचे भान, हे पाचवे अंग त्यांत जोडले.

रॅपची स्वतंत्र परंपरा

रॅपची मुळे हिप-हॉपपेक्षा खोल आहेत. पश्चिम आफ्रिकेतील 'ग्रिओ' या वंशपरंपरागत कथनकारांची कला, जमैकातील तबकडीवादकांचे 'टोस्टिंग', आफ्रिकन-अमेरिकन समाजातील यमकयुक्त थट्टेचे खेळ, तसेच 'द लास्ट पोएट्स' या समूहाचे आणि गिल स्कॉट-हेरॉन यांचे तालबद्ध काव्यवाचन हे रॅपचे पूर्वसूरी गणले जातात. लयीत शब्द उच्चारण्याची प्रथा अनेक समाजांत आढळते. 'आशीर्वाद' (१९६८) या हिंदी चित्रपटातील अशोक कुमार यांच्या 'रेलगाडी' या गीताला काही वेळा भारतातील पहिला रॅप म्हटले जाते. उच्चारणाच्या अंगाने हे साम्य खरे आहे. मात्र ब्रॉंक्समधील चळवळीशी या गीताचा संबंध नाही. पोवाडा आणि रॅप यांच्या तुलनेसही हीच मर्यादा लागू पडते.

ध्वनिमुद्रण आणि रॅपचे प्राबल्य

१९७९ पर्यंत हिप-हॉप हा मुख्यतः प्रत्यक्ष मेळाव्याचा अनुभव होता. तो मेळाव्यात ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटींच्या रूपाने हातोहात फिरत असे. त्या वर्षी सिल्व्हिया रॉबिन्सन यांच्या 'शुगर हिल रेकॉर्ड्स' या न्यू जर्सीतील कंपनीने 'रॅपर्स डिलाइट' ही ध्वनिमुद्रिका प्रकाशित केली. 'शुगरहिल गँग' हे तिघांचे पथक तिच्यासाठीच जुळविण्यात आले होते. ध्वनिमुद्रिकेत तबकडीवादकाला स्थान नव्हते. 'शीक' या वाद्यवृंदाच्या 'गुड टाइम्स' या गीताचा ठेका वादकांकडून नव्याने वाजवून घेण्यात आला. अमेरिकेच्या 'बिलबोर्ड हॉट १००' या यादीत ती ३६ व्या क्रमांकापर्यंत पोहोचली. तिच्यातील काही ओळी मूळच्या ब्रॉंक्समधील ग्रँडमास्टर कॅझ यांच्या होत्या. कॅझ यांच्या जुन्या टोपणनावाची अक्षरेसुद्धा गीतात तशीच उच्चारलेली आहेत, परंतु रचनाकार म्हणून त्यांना श्रेय मिळाले नाही.

तबकडीवर आवाज विकता येत होता. जमिनीवरचे नृत्य, रेल्वेच्या डब्यावरील चित्र किंवा रात्रभर चाललेला मेळावा विकता येत नव्हता. परिणामी कंपन्यांचे लक्ष रॅप करणाऱ्यावर केंद्रित झाले. १९८१ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश यांचे तबकडीवादनाचे कौशल्य दाखविणारी, अनेक ध्वनिमुद्रिकांच्या तुकड्यांतून घडविलेली एक ध्वनिमुद्रिका निघाली. मात्र हा प्रकार अपवादच ठरला. १९८२ मधील 'द मेसेज' हे गीत ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या पथकाच्या नावे प्रसिद्ध झाले. वस्तुतः त्यातील रॅप मेली मेल आणि एड फ्लेचर यांचा आहे, आणि ज्यांचे नाव पथकाला होते त्या फ्लॅश यांचे तबकडीवादन त्यात नाही. या गीताने शहरी दारिद्र्याचे चित्रण रॅपमध्ये आणले आणि शब्दांचे महत्त्व अधिकच वाढविले.

१९८६ मध्ये 'रन-डीएमसी' व 'एरोस्मिथ' या पथकांच्या 'वॉक धिस वे' या गीताने रॅपला रॉक संगीताच्या श्रोत्यांपर्यंत नेले. १९८९ मध्ये ग्रॅमी पुरस्कारांत रॅपसाठी प्रथमच पारितोषिक ठेवण्यात आले. १९९१ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने रॅपकार बिझ मार्की यांच्या एका गीताविरुद्ध निर्णय दिला. तेव्हापासून जुन्या ध्वनिमुद्रिकांचे तुकडे वापरण्यासाठी पूर्वपरवानगी व मोबदला देणे अपरिहार्य झाले. शब्दांवर असे बंधन नसल्याने तबकडीवादकाच्या कलेतून आलेली रचनापद्धती रॅपच्या तुलनेत महाग पडू लागली. २०१८ मध्ये केंड्रिक लामार यांच्या 'डॅम' या संग्रहाला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

भेदाची उदाहरणे

रॅपवाचून हिप-हॉप आणि हिप-हॉपवाचून रॅप, अशी दोन्ही प्रकारची उदाहरणे आढळतात. डीजे शॅडो यांचा 'एन्ट्रोड्यूसिंग' (१९९६) हा संग्रह जवळजवळ पूर्णपणे जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या तुकड्यांतून रचलेला आहे. जे डिला यांचा 'डोनट्स' (२००६) हाही वाद्यसंगीताचा संग्रह आहे. दोन्ही हिप-हॉप संगीतात मोडतात, जरी त्यांचा आधार रॅप नाही. याउलट 'ब्लॉंडी' या रॉक पथकाच्या 'रॅप्चर' (१९८१) या गीतात रॅपचा प्रदीर्घ भाग आहे. हे गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, परंतु पथक रॉक संगीताचेच राहिले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगचा समावेश झाला. तेथे नर्तकांनी तबकडीवादकांनी निवडलेल्या संगीतावर स्पर्धा केली.

रॅप ही कृती असून हिप-हॉप ही जीवनपद्धती आहे, अशी मांडणी ब्रॉंक्समधील रॅपकार केआरएस-वन यांनी सातत्याने केली आहे. दुसरीकडे, शब्दांचे अर्थ वापराने ठरतात आणि आज सामान्य श्रोता 'हिप-हॉप' म्हणून रॅप संगीतच ओळखतो, असा युक्तिवाद केला जातो. भेद पाळण्याचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे असे की, दोन्ही शब्द एक मानल्यास तबकडीवादक, नर्तक व ग्राफिटीकार यांचे योगदान इतिहासातून पुसले जाते, आणि काही रॅपगीतांतील हिंसा किंवा स्त्रियांविषयीची हीन भाषा यांचा दोष अख्ख्या संस्कृतीवर येतो.

भारत आणि महाराष्ट्र

भारतीय चित्रपटांत हिप-हॉपचे नृत्य रॅपच्या आधी गाजले. 'मेरी जंग' (१९८५) मधील जावेद जाफरी यांच्या नृत्यासारख्या दृश्यांतून ब्रेकडान्स घरोघरी पोहोचला. हिंदी रॅपला व्यापक लोकप्रियता मिळाली ती १९९० च्या दशकाच्या आरंभी, बाबा सेहगल यांच्या गीतांमुळे. मुंबईतील वस्त्यांच्या जीवनावर आधारित 'गल्ली रॅप' डिव्हाइन व नेझी यांच्यामुळे २०१३ नंतर प्रकाशात आला. झोया अख्तर यांच्या 'गली बॉय' (२०१९) या चित्रपटाने तो देशभर पोहोचविला. त्याच वर्षी 'रेड बुल बीसी वन' या ब्रेकिंग स्पर्धेची जागतिक अंतिम फेरी मुंबईत झाली. धारावीत मुलांना रॅपबरोबर ब्रेकिंग व ग्राफिटीही शिकविण्याचे उपक्रम चालतात. 'स्वदेशी' या मुंबईतील समूहाचे एमसी मवाली मराठीतून रॅप करतात. या समूहाने आरे येथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह 'द वारली रिव्होल्ट' (२०१९) हे गीत सादर केले.

मराठी वाचकाला तमाशा आणि लावणी यांच्या नात्यावरून हा भेद समजू शकतो. गण, गवळण, बतावणी, लावणी व वग ही तमाशाची अंगे होत. त्यांपैकी लावणीला चित्रपट व ध्वनिमुद्रिका यांनी स्वतंत्र प्रसिद्धी दिली, म्हणून लावणी म्हणजेच तमाशा ठरत नाही. हे साम्य केवळ अंश व संपूर्ण यांच्या नात्यापुरते आहे. दोन्ही परंपरांचा उगम आणि इतिहास भिन्न आहे.